एका मुलाला एक उत्तर

"भाषेचं काय घेऊन बसलात, मोठे सर! बावीस वर्षं हृदय शिकवतोय मी. उद्या चिनीतून शिकवा म्हणालात तरी शिकवीन. हृदय कुठल्याही भाषेत डावीकडेच असतं की नाही?"

हे मी शनिवारी, शिक्षकांच्या खोलीत, चहाचा कप हातात धरून, सात माणसांच्या देखत बोललो. नुसतं बोललो नाही, हृदय कुठे असतं ते कपानेच दाखवलं, आणि चहा शर्टावर सांडला. तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

तासाभरापूर्वी शिक्षण खात्याचा आदेश आला होता. सोमवारपासून पाचवीच्या वरच्या वर्गांना सगळे विषय इंग्रजीतून. वर्गाच्या चार भिंतींच्या आत दुसरी भाषा ऐकू येता कामा नये. अर्ज, तक्रारी, खुलासे, सगळं इंग्रजीत. आमच्या मुख्याध्यापकांना आम्ही मोठे सर म्हणतो, उंचीने ते शाळेत सगळ्यात लहान आहेत. त्यांनी तो आदेश काचेत बसवला आणि खुर्चीमागच्या भिंतीवर टांगला. तिथे एक दणकट खिळा होता. पूर्वी त्यावर साहेब लोकांच्या राजाची तसबीर असायची. साहेब लोक बोटीत बसून निघून गेले, तसबीर माळ्यावर गेली, पण खिळा काढायचं कोणाला सुचलं नाही. तसबिरीच्या जागी भिंतीवर एक फिकट चौकोन राहिला होता. आदेश त्या चौकोनात अगदी मापात बसला.

सोमवारी मी सहावीच्या वर्गात शिरलो. फळ्यावर झकास हृदय काढलं. तोंड उघडलं. आणि अकरा वाजून पाच मिनिटांनी मला कळलं की मला इंग्रजीची एकूण चार वाक्यं येतात. स्टँड अप. सिट डाऊन. ओपन युअर बुक. व्हेरी गुड. बाकी इंग्रजी मला वाचता येतं, समोरचा सावकाश बोलला तर कळतंही, पण ते तोंडातून बाहेर पडायला तयार नव्हतं. आणि तास चाळीस मिनिटांचा. मी म्हणालो, स्टँड अप. मुलं उठली. सिट डाऊन. बसली. व्हेरी गुड. मुलांना वाटलं, आता काहीतरी येणार. मलाही वाटलं. पण परत स्टँड अपच आलं.

घंटा झाली तेव्हा अर्ध्या वर्गाच्या पोटऱ्यांत गोळे आले होते. ड्रिलच्या मास्तरांनी लेखी तक्रार केली, विज्ञानाचे शिक्षक माझ्या विषयात ढवळाढवळ करतात. तक्रार इंग्रजीत नव्हती म्हणून परत आली, एवढंच माझं नशीब.

मी शिकवायला वाईट नाही हो. माझ्या वर्गात मुलं तीस आणि भाषा चार. बाजारातल्या मुलांची एक, नदीपलीकडच्यांची एक, टेकडीवरच्या वस्तीची एक, आणि एक शाळेची. मी सगळ्यांतलं थोडं थोडं उचललं होतं. टेकडीवाल्यांच्या भाषेत फुप्फुसाला शब्द नाही, तर त्यांनी त्याला 'श्वासाची पिशवी' केलं. मला ते पुस्तकापेक्षा आवडलं, मी सगळ्यांनाच तसं शिकवलं. हृदय तर मी कधी फळ्यावर शिकवलंच नाही. बाक सरकवून चार कप्पे करायचे, दहा-बारा मुलांचं रक्त करायचं आणि त्यांना पळवायचं. कप्प्यांच्या तोंडाशी चार मुलं झडपा म्हणून उभी करायची. झडपेचं काम एकच, रक्ताला पुढे सोडायचं, मागे येऊ द्यायचं नाही. शेजारच्या वर्गातून दरवर्षी भिंतीवर बुक्के यायचे.

झडप म्हणून एक मुलगी अशी जबरी होती की तिच्या हाताखालून एक थेंब परत येत नसे. "आता मागे नाही! पुढे हो!" असं ओरडत ती आडदांड मुलांनाही ढकलून द्यायची. तिला सगळी शाळा 'प्रश्नपत्रिका' म्हणायची. टेकडीवरची. पहिलीत आली तेव्हा तिला शाळेच्या भाषेतले दोनच शब्द यायचे, 'पाणी' आणि 'नको'. पाच वर्षांत तिने त्या भाषेला असं काही कामाला लावलं की आमची पळता भुई थोडी झाली. सर, रक्त दमतं का? सर, हृदय कधीच झोपत नाही, मग ते चिडकं कसं होत नाही? सर, आपण पोटात असताना आईचं जेवण जेवतो, तर आईचा रागपण येतो का आत? मी उत्तरं शोधायला घरी पुस्तकं नेऊ लागलो. बायको म्हणायची, "अहो, परीक्षा तिची आहे का तुमची?"

आदेशानंतर प्रश्नपत्रिका कोरी झाली. तिचा हात वर यायचा, अर्ध्यावर थांबायचा, मग डोकं खाजवून खाली जायचा. मी बघायचो आणि म्हणायचो, व्हेरी गुड. दुसरं होतं काय माझ्याकडे?

आदेशाला एक शेपूट होतं. तीन महिन्यांनी तपासनीस येतील. जे मूल त्यांच्यासमोर इंग्रजीत बोलणार नाही, ते कौशल्य तुकडीत. ही तुकडी जिन्याखालच्या खोलीत भरते. तिथे विज्ञान नाही, गणित नाही. तिथली मुलं खात्याच्या फायली बांधायच्या दोऱ्या वळतात. त्या खोलीत गेलेलं मूल वर्गात परत आल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

एके दिवशी प्रश्नपत्रिकेची आई आली. ती इस्पितळात चादरी धुते. बोटं सोड्याने पांढरी पडलेली. ती दारातून आत येईना, खिडकीशी उभी राहिली.

"आत या ना, ताई," मी खुणेनेच म्हणालो.

"नको सर. आत आपलं बोललेलं चालत नाही म्हणतात."

मग मीच खिडकीतून मान बाहेर काढली. धड चार भिंतींच्या आत आणि तोंड बाहेर, म्हणजे नियमात बसलं.

"सर, पोर घरीपण गप्प असते हो आता. पूर्वी कान खायची, मीच ओरडायची, गप गं जरा. आता घर कसं ओसाड वाटतं." तिने पदराने तोंड पुसलं. "तिला दोऱ्या वळायला बसवणार म्हणे?"

"कोण म्हणतं?"

"सगळेच म्हणतात. सर, ती डॉक्टर होऊ दे असं नाही म्हणत मी. पण डॉक्टर काय म्हणतात ते तरी तिला कळू दे. मी अकरा वर्षं त्यांच्या चादरी धुते, मला 'बाजूला हो' तेवढं कळतं."

अशा वेळी माणसाने गप्प बसावं. मी म्हणालो, "ताई, मी या शाळेत आहे तोवर तुमची पोर दोऱ्या वळणार नाही. माझा शब्द आहे." आणि रुबाबात मान आत घेताना खिडकीच्या चौकटीवर असं डोकं आपटलं की सगळा वर्ग उठून उभा राहिला. त्यांना वाटलं, स्टँड अप.

तपासणीला महिना उरला तेव्हा मोठ्या सरांनी मला बोलावलं. त्यांच्या टेबलावर एक कागद होता.

"मास्तर, प्रश्न आले."

"कुठले?"

"तपासनीस विचारणार ते. पारदर्शकता म्हणून खात्यानेच आधी पाठवलेत. तीस प्रश्न, मुलं तीस. बघा देवाची करणी! एका मुलाला एक उत्तर. ते पाठ करून घ्यायचं. ओळीने विचारत येतील, बोट ज्याच्यावर आलं त्याने उठायचं, आपलं उत्तर म्हणायचं, बसायचं."

"आणि प्रश्न कळायला नको?"

"प्रश्न कशाला कळायला हवा? त्यात वेळ जातो."

मी महिनाभर तेच केलं. दुसरा मार्ग मला दिसला नाही, आणि खरं सांगायचं तर मी फार शोधलाही नाही. पहिल्या जागेवरचा मुलगा रोज उठून म्हणायचा, 'टू हंड्रेड अँड सिक्स', म्हणजे हाडं. दुसरी म्हणायची, 'टू', म्हणजे नाकपुड्या. तिसरा 'रेड', चौथी 'स्टमक', पाचवा 'ब्रेन', सहावी 'लंग्ज'. तिसावा म्हणायचा 'ट्वाइस', दिवसातून किती वेळा दात घासावेत त्याचं उत्तर. त्याला कधी विचारलं असतं की ट्वाइस म्हणजे काय, तर त्याने सांगितलं असतं की ट्वाइस म्हणजे माझी जागा.

प्रश्नपत्रिका सतराव्या जागेवर. तिचं उत्तर 'फोर चेंबर्स', हृदयाचे चार कप्पे. तिने दुसऱ्याच दिवशी मला मधल्या सुट्टीत जिन्यात गाठलं. जिना चार भिंतींत येत नाही.

"सर, उत्तर पाठ झालं. पण प्रश्न काय आहे?"

मी सांगितला.

"आणि सोळाव्याचा?"

"तुला काय करायचंय सोळाव्याचं? मोठ्या माणसाला दात किती. थर्टी टू."

"आणि पंधराव्याचा?"

असं करत पोरीने रोज एक-दोन प्रश्न काढून घेतले. महिन्याअखेर सगळ्या वर्गात तीसच्या तीस प्रश्न कळणारी ती एकटीच होती. मी मनात म्हणालो, ही तर सहज सुटली. घरी मात्र माझी दशा वाईट. रविवारी दुपारी डुलकी लागली आणि मी झोपेतच ओरडलो, "स्टँड अप!" बायको भांडी टाकून धावत आली.

"काय झालं?"

"सिट डाऊन," मी म्हणालो.

"बसते हो बसते. तीस वर्षांत पहिल्यांदा बसायला सांगितलंत."

तपासणीच्या दिवशी सगळं चकचकीत होतं. मोठ्या सरांनी तपासनीसांसाठी स्वतःची खुर्ची आमच्या वर्गात आणून ठेवली होती. तिला आदल्या दिवशी वार्निश मारून घेतलं होतं. तपासनीस आले. धिप्पाड माणूस, एक गुडघा दुखरा, चेहरा भला. पूर्वी ते बाजारात तराजू आणि वजनं तपासायचे, नंतर त्यांची बदली शिक्षणात झाली. त्यांनी खुर्चीच्या हातावर बोट ठेवलं. बोट चिकटलं. त्यांनी ते सोडवलं, इकडे-तिकडे बघितलं, आणि गुडघा सांभाळत सरळ पहिल्या बाकावर, पहिल्या जागेवर बसायला वाकले.

पहिल्या जागेवर एक मुलगा होता. मोठ्या सरांनी त्याला काखेत धरून उचलला आणि वर्गाच्या शेवटी, तिसाव्याच्या पलीकडे, नेऊन टेकवला.

पहिला प्रश्न आता दुसऱ्या जागेवर जाणार होता.

तपासनीसांनी कागद उघडला, बोट दुसरीवर रोखलं आणि कागदात बघत इंग्रजीत विचारलं, माणसाच्या शरीरात हाडं किती?

"टू!" ती खणखणीत म्हणाली.

"गुड." कागदावर खूण. पुढचा प्रश्न, नाकपुड्या किती?

"रेड!"

"गुड." रक्ताचा रंग?

"स्टमक!"

"गुड." अन्न कुठे पचतं?

"ब्रेन!"

विचार कशाने करतो?

"लंग्ज!"

इथे तपासनीसांनी मान वर केली. त्यांनी मोठ्या सरांकडे बघून समाधानाने मान डोलावली. "फ्लुएंट," ते म्हणाले.

मला फक्त एवढं सांगायचं होतं, पोरांनो, तुमचं उत्तर नाही, तुमच्या आधीच्या जागेचं उत्तर द्या. आपल्या भाषेत सांगितलं असतं तर मुलांनी एका सेकंदात सुधारलं असतं. इंग्रजीत ते कसं म्हणायचं, देवाला माहीत. माझ्याकडे चारच वाक्यं. मी त्यातलं हाताला लागलं ते फेकलं, "स्टँड अप!"

सगळा वर्ग उठला. मोठे सर उभेच होते, ते ताठ झाले. तपासनीसही उठले, सवयीने, गुडघा धरून.

आता पुढे काय? "सिट डाऊन," मी म्हणालो. सगळे बसले. तपासनीस बसले.

"व्हेरी गुड," मी म्हणालो, आणि भिंतीला टेकलो.

प्रश्न सरकत गेले. मी पुढचं मोजत होतो. चौदा, पंधरा. सोळावा प्रश्न. बोट सतराव्या जागेवर. तपासनीसांनी विचारलं, मोठ्या माणसाला दात किती?

प्रश्नपत्रिका उठली. तिने फोर चेंबर्स म्हणायचं आणि बसायचं. एवढंच. मी डोळ्यांनी तिला म्हणत होतो, म्हण गं बाई, म्हण फोर चेंबर्स.

तिने कपाळाला आठ्या घातल्या. तिने कागदाकडे बघितलं, मागे बघितलं, माझ्याकडे बघितलं. तिला प्रश्न कळला होता ना! सगळ्या मुलांत तिलाच कळला होता. आणि कळलेल्या प्रश्नाला भलतंच उत्तर द्यायला तिचं तोंड उघडेना. मग तीन महिन्यांत पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत ते जुनं काहीतरी चमकलं, आणि ती शाळेच्या भाषेत, मोठ्याने म्हणाली,

"साहेब, हा प्रश्न माझा नाही. पण येतो मला. बत्तीस. पण माझ्या आजीला दोनच आहेत, मग ती मोठी माणूस नाही का?"

वर्ग हसला. खिडक्यांच्या काचा वाजल्या असं हसला. मी पण हसलो. मग मोठ्या सरांचा चेहरा बघितला आणि तोंड मिटलं.

तपासनीसांच्या कागदावर दोनच रकाने होते. 'बोलला' आणि 'बोलला नाही'. त्यांनी पेन दोन्हींवर फिरवलं आणि दुसऱ्या रकान्यात खूण केली.

बाकी सगळं सुरळीत पार पडलं. शेवटचा प्रश्न, दात दिवसातून किती वेळा घासावेत, शेवटी टेकवलेल्या मुलाकडे गेला. तो छाती काढून म्हणाला, "टू हंड्रेड अँड सिक्स!" तपासनीसांनी स्वतः उठून त्याची पाठ थोपटली. आमच्या वर्गाला आदर्श वर्गाचं प्रमाणपत्र मिळालं.

फाटकाशी मी त्यांना गाठलं. तिथे चार भिंती नव्हत्या.

"साहेब, ती सतरावी मुलगी. तिचं एकटीचं उत्तर बरोबर होतं हो."

"माहीत आहे की," तपासनीस आपल्या भाषेत, अगदी घरच्यासारखे बोलले. "माझ्या आईलाही दोनच उरलेत. खाली एक, वर एक, तेही समोरासमोर नाहीत."

"मग?"

"मग काय, मास्तर? बरोबर-चूक असा रकानाच नाही कागदावर. बोलला, बोलला नाही. ती बोलली नाही."

"ती तर बोलायची थांबतच नव्हती!"

"मला का सांगता? मी नुसती खूण करतो. तुम्ही वर अर्ज करा ना. अर्जाचा निकाल लागेपर्यंत तिला कोणी हलवणार नाही. फक्त इंग्रजीत करा."

आता इंग्रजीतला अर्ज मला एकच येतो. आमच्या लहानपणी सगळ्यांना तोच शिकवायचे, छडी दाखवून. मला ताप आला आहे, दोन दिवसांची रजा मिळावी. वरचा नमस्कार, खालचा नमस्कार, मधली आर्जवं, सगळं अजून तोंडपाठ. मी म्हणालो, साचा तर आहे, मधला मजकूर बदलू. शब्दकोश घेऊन तीन संध्याकाळ बसलो. सुरुवात तीच ठेवली, शेवट तोच ठेवला, कारण ते पक्के होते. मध्ये तिच्याबद्दल पाच वाक्यं घुसवली. ही मुलगी हुशार आहे. हिला प्रश्न कळतात. हिला वर्गात राहू द्या. बायकोने कागद उन्हात धरून बघितला. "काय लिहिलंय ते मेलं कळत नाही, पण अक्षर सुरेख आलंय."

अर्ज गेला. प्रश्नपत्रिका अजून वर्गात होती, सतराव्या जागेवर. रोज जिन्यात विचारायची, "सर, आलं का उत्तर?"

"येईल."

"त्यांना प्रश्न कळला असेल ना, सर?"

तिची आई रोज फाटकापर्यंत यायची, मला बघून मान खाली घालायची आणि परत जायची. विचारायचीसुद्धा नाही. तिने विचारलं असतं तर बरं वाटलं असतं.

तीन आठवड्यांनी मोठ्या सरांनी बोलावलं. टेबलावर खात्याचा लिफाफा.

"मास्तर, अर्ज मंजूर!"

मला उडी मारावीशी वाटली. "राहू देणार तिला?"

"कोणाला? तुमची रजा मंजूर. बुधवार आणि गुरुवार. तापाबद्दल."

मी कागद हातात घेतला. खरंच तसं होतं. तिथल्या कारकुनाने वरची ओळ बघितली, खालची ओळ बघितली, आणि ओळखीचा अर्ज म्हणून शिक्का मारला. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

"मला ताप नाही, सर."

"आता नाही कसं म्हणता? लेखी दिलंय तुम्ही."

"मी रजा घेत नाही."

"मंजूर रजा न घेणं म्हणजे आदेशाचा भंग." त्यांनी मान वळवून काचेतल्या आदेशाकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांचाही आवाज उतरला होता. "जाऊ द्या हो, मास्तर. दोन दिवस आराम करा."

"आणि ती पोरगी?"

"तिच्याबद्दल वरून काहीच आलेलं नाही. अर्जाचा निकाल तर लागला. म्हणजे पहिली खूण कायम."

बुधवारी आणि गुरुवारी मी घरी होतो. बुधवारी पहिल्याच तासाला प्रश्नपत्रिकेला जिन्याखालच्या खोलीत नेलं. शुक्रवारी मी वर्गात गेलो. मध्ये रिकामी जागा दिसू नये म्हणून सतराव्याच्या मागची सगळी मुलं एकेक जागा पुढे सरकवून बसवली होती. मी हजेरी घ्यायला कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलो. ती मोठ्या सरांची होती, वार्निशचा दुसरा हात मारून आदल्या संध्याकाळी वाळत ठेवलेली. घंटा झाली तरी मला उठता आलं नाही.